नांदेड ते लातूर, दिवेलागणीच्या आत

लोहा सोडल्यावरचा रस्ता आता इतका रुंद आणि गुळगुळीत झालाय की गाडीत बसलेल्या माणसाला चढ कधी आला आणि कधी संपला हे कळतच नाही. मला कळतं. परवा नांदेडहून लातूरला निघाले होते. भाड्याची गाडी, काचा वर, एसी चालू. आणि अचानक माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, पायडल मारल्यासारखा. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला.

"मॅडम, काही त्रास होतोय का?"

"नाही रे. चढ आहे."

त्यानं पुढं बघितलं. त्याला काही चढ दिसला नाही. तरी मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि खाली उतरले. दोन्ही बाजूंची लिंबाची झाडं रुंदीकरणात गेलीत. सावली नाही, पाखरू नाही. पण वारा आला आणि तापलेल्या मुरमाचा तो वास आला, कोरडा, थोडा भाजल्यासारखा. हा वास कुणी तोडून नेऊ शकलेलं नाही. मी नाक भरून घेतला आणि तिथंच उभी राहिले. रिटायर झालेली बाई रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभी आहे म्हटल्यावर त्या बिचाऱ्यानं पाण्याची बाटली आणून दिली.

ते वर्ष वेगळं होतं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाऊस नुकताच यायचा बंद झाला होता. नवा जिल्हा आणि जुना दुष्काळ, दोन्ही एकदमच आमच्या घरात शिरले. माझा डी.एड.ला नंबर लागला तो लातूरला. नांदेडला लागला नाही. बाबांना केवढा आनंद झाला. रेल्वेत फिटर असलेला माणूस, आपली पोरगी मास्तरीण होणार म्हणून गल्लीभर सांगत फिरला. आईनं मात्र चुलीपुढून मान वर केली नाही. मी लहानपणापासून छातीची नाजूक. धूळ लागली, थंडी लागली, जरा जोरात हसले तरी श्वास लागायचा. आई रात्र रात्र माझ्या पाठीला तेल चोळत बसलेली.

"जिना चढली तर छातीत शिट्टी वाजते हिच्या," आई म्हणाली. "परक्या गावात हिला कोण बघंल?"

"आक्का हाय की तिथं," बाबा म्हणाले. आक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण, माझी आत्या. लातूरच्या कडेला एका वस्तीत एकटीच राहायची.

"आक्का दिवसभर कामाला जातेत. पोरगी काय तुमच्या त्या सायकलीला बांधून ठेवायची व्हय?"

सायकल हा शब्द आईनं रागात उच्चारला, पण बाबांनी तो उचलला. सायकल म्हणजे बाबांचा जीव. लग्नाला सायकल, मयताला सायकल, सासुरवाडीला सायकल. एसटीनं प्रवास करणं म्हणजे पाय असून नसल्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणाले, "सायकलवरच नेतो तिला. तिच्या सायकलवर ती, माझ्या सायकलवर मी. पोचली तर छाती बरी हाय म्हणायची का न्हाई?"

आई हसली. कडू हसली. "बरं. एका दिवसात जायचं. आक्कानं संध्याकाळचा दिवा लावायच्या आत पोरगी त्यांच्या दारात दिसली तर राहू द्या तिथं. न्हाई तर आली तशी माघारी. मग पुन्हा लातूरचं नाव काढायचं न्हाई."

तिला वाटलं, असं म्हटल्यावर विषय मिटंल. बाबा म्हणाले, "कबूल." आणि मीही म्हणाले, "कबूल." आईचं थालपीठ तव्यावर जळालं.

आईनं अट अशी का घातली ते नंतर कळलं. आत्याचं दोन गोष्टींत नाव होतं. एक म्हणजे तिचा दिवा. दिवस बुडला रे बुडला की बुद्धाच्या तसबिरीपुढं दिवा लावायची आणि वंदना म्हणायची. माझे फुवा, म्हणजे तिचे मालक, गेले त्या दिवशीही तिनं तो चुकवला नव्हता, बायका अजून बोलायच्या. आणि दुसरं म्हणजे आत्या खोटं बोलायची नाही. कुणाच्या भल्यासाठी नाही, कुणाच्या भीतीनं नाही. बाबा पोरीसाठी पदरचं काहीही सांगतील, पण आक्का सांगेल ते खरं, हे आईला पक्कं ठाऊक होतं. आमच्या गल्लीत गंगाराममामा राहायचे, ते लातूरच्या एसटीवर कंडक्टर. त्यांच्या हाती आईनं आत्याला निरोप धाडला, अटीसकट.

निघालो तेव्हा झुंजूमुंजू होतं. गोदावरीकडून जो गारवा यायचा तोही त्या वर्षी आटला होता. माझी सायकल एका नर्सबाईंची जुनी, लेडीज, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी. बाबांची काळी, उंच, पुढं डायनॅमो, आणि दांड्याला लटकलेली छागल. कॅनव्हासची ती पाण्याची पिशवी आता कुणाला दिसत नाही. बाहेरून ओली राहायची, थेंब थेंब पाझरायची आणि आतलं पाणी गार. त्या पाण्याला गोणपाटाची आणि पावसाळ्याची मिळून एक चव असायची. मी नंतर फ्रिजचं पाणी प्यायले, मोठ्या हॉटेलात बर्फाचं प्यायले. तसं पाणी प्यायले नाही.

सकाळचा पहिला टप्पा मला अजून तोंडपाठ आहे. उतारावर दोन्ही सायकलींची चाकं आपसूक फिरायची आणि टिकटिक टिकटिक असा आवाज एकमेकांत मिसळायचा. बोडके माळ, कापसाच्या वाळलेल्या पळाट्या, कोरडे नाले. गुरं नव्हतीच रस्त्यावर, ती छावणीत गेलेली. त्यामुळं घंटा नाहीत, हंबरणं नाही. फक्त जागोजागी खडी फोडल्याचा ठक ठक आवाज. दुष्काळी कामावर बायका ओळीनं बसलेल्या, डोक्यावर पदर, पदराच्या वर धूळ. पोरगी सायकलवर बघून त्यांना दिवसभराची करमणूक मिळाली.

"अय दादा, लेकराला मागं बसव की! दमून गेली बघ ती!"

"बसायचं न्हाई म्हणती!" बाबा ओरडले.

"मग तूच बस तिच्या मागं!"

सगळी रांग हसली. मीही हसले आणि हसल्यामुळं मला श्वास लागला. आईचं खरंच होतं म्हणायचं.

चढ सुरू झाला तशी माझी शिट्टी वाजायला लागली. मी उतरून सायकल ढकलायला लागले. बाबाही उतरले. त्यांनी माझी सायकल धरली नाही, की पाठीवर हात ठेवला नाही. नुसते शेजारून चालत राहिले. त्या वेळी मला त्यांचा राग आला. आज तो हात न लावणं आठवलं की मला भरून येतं. ते खोटा विजय देणार नव्हते मला.

छागल रिकामी झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. बाबांची पाणी मागायची एक रीत होती. आधी 'जय भीम' म्हणायचं आणि मग पाणी मागायचं. लहानपणी मला वाटायचं, आधी पाणी पिऊन घ्यावं, मग काय ते म्हणावं. बाबा म्हणायचे, "देणाऱ्यानं कुणाला दिलं ते त्याला कळून असू द्यावं, माय. मागून पस्तावा नको. त्याला बी आन आपल्याला बी." पहिल्या वस्तीवर एका माणसानं 'जय भीम' ऐकलं, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाला, पाणी न्हाई. त्याच्या दारात टाकी होती. ती भरलेली होती की रिकामी, देव जाणे. दुष्काळाचा हा एक उपयोग होता, नाही म्हणायला प्रत्येकाला खरं कारण होतं. बाबा "बरं हाय" म्हणाले आणि पायडलवर पाय ठेवला.

पुढं एका शेतात लिंबाचं मोठं झाड होतं, खाली लिंबोळ्यांचा सडा. झाडाखाली रांजण आणि रांजणाशेजारी एक बाई, आईपेक्षा थोडी थोराड, शेंगा फोडत बसलेली. शेत तिचंच असावं, बसण्यावरूनच कळत होतं. बाबा लांबूनच म्हणाले, "जय भीम, बाई. पाणी मिळंल का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. माझी छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"लेकराचा जीव चाललाय आन रामराम-जयभीम कसलं करून राहिला रं बाबा? ये गं, बस हितं."

तिनं तांब्या रांजणात बुडवला आणि माझ्या हातात दिला. वरून धार धरली नाही, हातात दिला. तांब्या तोंडाला लावताना मी बाबांकडं बघितलं. ते दुसरीकडंच बघत होते, माळाकडं, आणि दस्तीनं पुन्हा पुन्हा तोंड पुसत होते. एवढा घाम नव्हता त्यांना आलेला.

आमची शिदोरी सुटली. धपाटे, शेंगाची चटणी, कांदा. तिनं फोडलेल्या शेंगांच्या दाण्यांची मूठ त्यात टाकली आणि आमच्यातलं धपाटं मागून घेतलं, "बघू बरं, नांदेडचं कसं असतंय." खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाली. मग अटीची सगळी हकीकत ऐकून तिनं बाबांना असं काही झापलं की मला बरं वाटलं.

"असली कसली अट? आन तू हो म्हणलास? ऊन कलल्याबगर हलायचं न्हाई हितून. निज गं तू."

"बाई, उशीर व्हईल," बाबा म्हणाले.

"मेली म्हंजी लई लवकर पोचंल का?"

मी झोपले. लिंबाखालची ती झोप. वारा गरम, पण पानांतून गाळून आलेला. कुठंतरी एकच होला घुमत होता. जाग आली तेव्हा माझी छाती मोकळी होती आणि ती बाई आमच्या छागलीत पाणी भरत होती. रांजणातलं पाणी तळाला गेलेलं मला दिसलं. ते तिनं कुठून, किती लांबून डोक्यावर आणलं असेल? मी विचारलं नाही. तिचं नावही विचारलं नाही. त्या जागी परवा मी डोळे मिटून उभी होते. झाड नाही, रांजण नाही, त्या बाईचं कुणी आहे का ठाऊक नाही. माझ्या श्वासात मात्र ती दुपार अजून आहे. मी वर्गात मोठ्यानं कविता म्हणायचे तेव्हा कधी कधी मला ती आठवायची आणि मनातल्या मनात मी तिचे पाय धरायचे.

अहमदपूरच्या अलीकडं जिल्ह्याची पाटी लागली. आधीचं 'उस्मानाबाद' पांढऱ्या रंगानं पुसून त्यावर 'लातूर' लिहिलेलं, पण रंग पातळ पडला होता आणि खालचं नाव वरच्या नावातून डोकावत होतं. बाबांनी सायकल थांबवून पाटीवर हात फिरवला.

"नवा जिल्हा म्हणल्यावर नवी माणसं लागतेत," ते म्हणाले. "हापिसात लागतेत, दवाखान्यात लागतेत. मास्तरीण बी लागंल का न्हाई?"

"पोचली तर लागंल," मी म्हणाले.

अहमदपूरला हॉटेलात सुशीला खाल्ला, मुरमुऱ्यांचा, हिरव्या मिरचीचा आणि भरपूर लिंबू पिळलेला. आणि पुढं निघालो तो बाभळीचा काटा माझ्या मागच्या चाकात शिरला. बाबांनी टायर चमच्यानं उचकटला. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवावी लागते, बुडबुडे आले की भोक सापडतं. माझा हात छागलीकडं गेला.

"ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "ते पाणी त्या बाईनं प्यायला दिलंय." आणि फुगवलेली ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवायला लागले, डोळे मिटून. वारा सुटलेला, त्यामुळं बारीक भोकाची हवा गालाला कळेना. पुन्हा फिरवायचे. पुन्हा. मी सूर्याकडं बघत होते. शेवटी ओठाला ती फुंकर लागली आणि ते लहान पोरासारखे हसले. पण ऊन तोवर तांबूस व्हायला आलं होतं.

पॅच सुकायची वाट बघत होतो तेव्हाच मागून एसटी आली, करकचून थांबली, आणि दारातून गंगाराममामा उतरले.

"टाका वर सायकली! बसा आत! लातूरच्या थोडं अलीकडं उतरवतो, तिथून जा टांग मारून. मी काय नांदेडला कुणाला सांगून राहिलो का?"

गाडीतले लोक खिडक्यांतून बघत होते. बाबा पंप हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. मला आत बसायचं होतं. खोटं कशाला सांगू, त्या फाटक्या सीटांचा वाससुद्धा मला त्या क्षणी गोड वाटला. पण मी आत बसले असते तर लातूरला राहिले असते आणि रोज संध्याकाळी आत्याच्या दिव्यासमोर मान खाली घालून बसले असते.

"न्हाई मामा," मी म्हणाले. "तुम्ही व्हा पुढं. आत्याला सांगा, येऊन राहिलो म्हणून."

मामांनी कपाळावर हात मारला आणि घंटी ओढली.

मग आम्ही पळवल्या सायकली. चाकूर आलं आणि गेलं. आमच्या सावल्या मागं लांबत गेल्या, पार रस्ता सोडून वावरात शिरल्या. समोर सूर्य, लाल, धुळीनं मोठा झालेला, आणि मी त्याच्याकडं बघून पायडल मारत होते, थांब जरा, थांब जरा. तो थांबला नाही. तो टेकला, अर्धा झाला, आणि गेला. लातूर अजून लांब होतं. रस्ता दिसेनासा झाला तेव्हा मागून बाबांनी डायनॅमो चाकाला लावला. तो घूंऽऽ आवाज कानावर आला आणि मला कळलं, संपलं. हरलो आपण. माझ्या पुढच्या चाकावर त्यांच्या दिव्याचा पिवळा उजेड थरथरत होता आणि मी हमसून हमसून रडत होते.

"रड, माय," मागून बाबा म्हणाले. "पण पायडल मार."

वस्तीत शिरलो तेव्हा चांगला अंधार पडला होता. वीज तिकडं अजून आली नव्हती, पण घराघरात चिमण्या लागल्या होत्या, कंदील लागले होते. भाकरीचा वास, धुराचा वास, कुठं तान्हं रडतंय. सगळ्या वस्तीत एकच घर काळं. ते आत्याचं.

बाबा थबकले. "आक्का घरी न्हाई काय?" एकट्या बाईचं घर, आणि जिचा दिवा कधी चुकला नाही तिचं घर अंधारात. मी सायकल भिंतीला टाकली आणि पळतच दारात गेले. उंबऱ्यावर हात धरून उभी राहिले. छातीत शिट्टी वाजत होती. आत काही दिसत नव्हतं.

"आत्या?"

"आलीस का," आतून आवाज आला, अगदी शांत. "किती उशीर गं. गंगारामनं सांगितल्यापासून बसून ऱ्हायले अशी."

शेजारची बाई तिच्या दारातून कंदील वर करून बोलली, "आली का वो तुमची भाची? म्या कवाची म्हणून राहिले, दिवा लावा, दिवा लावा. ऐकंच ना. तसबिरीपुढं बी लावला न्हाई आज."

बाबा माझ्या मागं येऊन उभे राहिले. दिवसभर ज्यानं मला हात लावला नव्हता तो माणूस माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभा होता.

आत्या अंधारात उठली. बांगड्या वाजल्या. चाचपडत माझ्यापर्यंत आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, धूळ आणि आसवं दोन्ही पुसली.

"उद्या गंगारामच्या हाती हिच्या आईला निरोप धाड," ती बाबांना म्हणाली. "म्हणावं, आक्का खोटं बोलत न्हाई. पोरगी दारात आली तवा माझ्या घरात दिवा लागला नव्हता."

मग तिनं माझा हात ओढून त्यात काडेपेटी दिली. हँडल धरून धरून माझी बोटं आखडली होती, काडी नीट धरता येईना. दोन-तीन काड्या मोडल्या. आत्या म्हणाली, "सावकाश. घाई कशाची? तुला आता हितंच राहायचंय."